सुटे भाग आणि सबंध जबाबदारी

शस्त्राविषयीं नीतीचा प्रश्न निघाला म्हणजे आपण बहुधा तें चालविणाऱ्या हाताकडे पाहतों. कोणीं, कोणावर व कोणत्या कारणानें तें उगारलें, एवढ्याचा निवाडा झाला कीं प्रश्न संपला असें आपणांस वाटतें. आम्हांस येथें त्याच्या बऱ्याच आधींच्या एका क्षणाचा विचार करावयाचा आहे. शस्त्र अजून अस्तित्वांत आलेलें नाहीं. मेजावर नुसते त्याचे सुटे भाग पडले आहेत, आणि एक गृहस्थ त्यांतील कोणता घ्यावा व कोणता टाकावा याचा शांतपणें विचार करीत बसला आहे. ह्या क्षणाला कांहीं नैतिक अर्थ आहे काय, कीं तो केवळ बाजारहाटाचा प्रश्न आहे?

हें चित्र काल्पनिक नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घरच्या घरीं रायफल जुळविणें हा अनेकांचा फावल्या वेळचा छंद आहे. १९५० नंतरच्या दशकांत यूजीन स्टोनर हा इंजिनिअर व त्याचे सहकारी आर्मालाइट कंपनींत ज्या रचनेवर काम करीत होते, तींतून एआर-१५ ही रायफल निघाली. १९५९ सालीं तिचे हक्क कोल्ट कंपनीकडे गेले, आणि पुढें मूळ पेटंटांची मुदत सरल्यावर तिचे भाग अनेक कारखाने करूं लागले. ही रायफल दोन अंगांची मिळून होते. खालच्या अंगांत चाप, घोडा आणि काडतुसांची पेटी बसते. वरच्या अंगांत नळी, काडतुसामागें दार घट्ट लावणारा बोल्ट आणि त्या बोल्टाला मागेंपुढें नेणारा वाहक. दोन्ही अंगें दोन खिळ्यांनीं जोडलीं जातात व सहज वेगळीं होतात. वरच्या अंगाला तिकडे नुसतें 'अपर' म्हणतात. आणि ह्या छंदांत नव्यानें पडणारा मनुष्य पुष्कळदां हें 'अपर'च प्रथम आपल्या पसंतीच्या भागांतून जुळवावयास घेतो.

त्याच्यापुढें येणारे प्रश्न क्षुल्लक नसतात. नळी आंतून क्रोमचा मुलामा दिलेली घ्यावी, कीं न गंजणाऱ्या पोलादाची? पहिली झीज व गंज अधिक सोसते. दुसरी नेमबाजाला अधिक अचूक वाटते, पण सततच्या माऱ्यानें आधीं झिजते. नळीच्या आंतील पीळ किती इंचांत एक फेरा घेतो, यावर कोणत्या वजनाची गोळी नीट जाईल हें ठरतें. व्हिएतनाम-युद्धाच्या काळच्या एम-१६ रायफलींत तो १२ इंचांत एक फेरा घेई; पुढें जड गोळी आली तेव्हां तो ७ इंचांत एक असा केला गेला. बोल्टाच्या पोलादांत डोळ्यांना न दिसणारी चीर नाहीं ना, हें चुंबकीय कसोटीनें पाहिलेलें आहे काय? नळी १६ इंचांहून आखूड तर नाहीं ना? कारण तशा रायफलीला १९३४ च्या कायद्यानें निराळीं बंधनें घातलीं. आणि सर्वांत बोधप्रद प्रश्न काडतुसाचा. .२२३ रेमिंग्टन व ५.५६ नाटो हीं दोन काडतुसें बाहेरून जवळजवळ सारखीं दिसतात. परंतु त्यांच्यासाठीं नळीच्या मुळाशीं कापलेल्या कोठ्या किंचित् वेगळ्या असतात. केवळ पहिल्यासाठीं कापलेल्या कोठींत दुसरें काडतूस घातलें तर दाब मर्यादेबाहेर जाऊं शकतो. म्हणजे काडतूस निर्दोष, नळी निर्दोष, आणि दोघांची गांठ मात्र सदोष! हा दोष दोहोंपैकीं एकाहि कारखान्यांत जन्मलेला नाहीं. तो मेजावर जन्मला.

एके काळीं असा प्रश्नच निघाला नसता. बंदूक करणारा कारागीर तिचा प्रत्येक भाग त्याच बंदुकीसाठीं कानशीनें घांसून बसवीत असे. एकीचा भाग दुसरीस चालत नसे, आणि बिघाड झाला तर तो कोणाच्या हातचा हें शोधावें लागत नसे. १७८५ सालीं थॉमस जेफर्सन हा अमेरिकेचा वकील म्हणून फ्रान्समध्यें असतांना त्यानें ओनोरे ब्लां नांवाच्या कारागिराचें काम पाहिलें. ब्लांनें बंदुकीच्या चाप-यंत्राचे भाग निरनिराळ्या कप्प्यांत ठेविले होते. जेफर्सननें हाताला येतील ते तुकडे उचलून कांहीं यंत्रें स्वतः जुळविलीं, आणि तीं बिनचूक बसलीं. ह्याच कल्पनेच्या जोरावर एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन शस्त्रागारांनीं मोठी कारखानदारी उभारली, आणि शिवणयंत्रापासून मोटारीपर्यंत सारें जग त्या वाटेनें गेलें. त्यांतील लाभ कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु भागांबरोबर तेव्हां आणखी एक गोष्ट सुटी झाली. ती म्हणजे कर्तेपण. ज्यानें तुकडा घडविला त्याला सबंध वस्तु ठाऊक नसते. ज्यानें वस्तु जुळविली त्यानें तुकडा घडविलेला नसतो. मग कर्ता कोणास म्हणावें?

प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित नाहीं. 'मिलिंदप्रश्न' ह्या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु यवन राजा मिलिंद याला त्याच्या रथाविषयीं विचारतो, कीं आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें, आणि भागांना वगळून वेगळा असा रथहि दाखवितां येत नाहीं. नागसेनाला त्यावरून 'मी' म्हणून जें आपण समजतों त्याविषयीं सिद्धान्त मांडावयाचा होता. अमेरिकेंतील न्यायाधीशांना मात्र त्याच कोड्यावरून मनुष्याला तुरुंगांत पाठवावें कीं नाहीं हें ठरवावें लागलें.

तेथील १९६८ च्या कायद्यानें रायफलीच्या सांगाड्याला, म्हणजे 'रिसीव्हर'ला, शस्त्र मानलें. इतर भागांस तसें मानलें नाहीं. त्या कायद्याखालील नियमांत ह्या सांगाड्याची जी व्याख्या होती, तिच्याप्रमाणें घोडा, बोल्ट आणि स्फोट घडविणारें यंत्र हीं त्यांत बसावयास हवींत. परंतु एआर-१५ मध्यें घोडा खालीं आणि बोल्ट वर! सरकारनें व्यवहारांत खालचें अंग हेंच शस्त्र धरलें. क्रमांक त्याच्यावर, आणि दुकानदाराकडून घेतांना ग्राहकाची चौकशी त्याच्यासाठीं. अपर मात्र मध्यवर्ती कायद्याच्या दृष्टीनें नुसता धातु. तो टपालानेंहि घरीं येऊं शकतो. २०१६ सालीं कॅलिफोर्नियांतील एका फेडरल न्यायालयानें, नियमाचे शब्द ह्या खालच्या अंगाला लागूं पडत नाहींत म्हणून, एक खटला काढून टाकला. २०२२ सालच्या नव्या नियमांत एआर-१५ चें नांव घेऊन तेंच अंग रिसीव्हर होय असें सांगावें लागलें. पुढें २६ मार्च २०२५ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं असा निर्णय दिला, कीं जुळवून शस्त्र करण्यासाठीं विकलेला सुट्या भागांचा संच देखील कांहीं वेळां कायद्याच्या अर्थानें शस्त्र ठरूं शकतो. न्यायमूर्ति गॉर्सच यांनीं त्या निकालांत दिलेला एक दाखला आमच्या वाचकांना रुचेल. अपुऱ्या हस्तलिखितालाहि लेखक आपली कादंबरीच म्हणतो!

आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र-कायद्यानें नागसेनाच्या प्रश्नाला निराळें उत्तर दिलें आहे. 'शस्त्र' ह्या शब्दाच्या व्याख्येंतच शस्त्राचे भागहि घातले आहेत. तेथें एक तुकडा म्हणजे शस्त्र, येथें सारेच तुकडे शस्त्र. कोणतें उत्तर अधिक सोयीचें याचा विचार कायदेपंडितांनीं करावा. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, कायद्याला कोठें तरी बोट ठेवावेंच लागतें, आणि ज्या तुकड्यावर तें ठेवलें गेलें नाहीं तो तुकडा त्यामुळें नीतीच्या कक्षेबाहेर जात नाहीं. 'माझ्या अपरावर क्रमांक नाहीं, म्हणून तें शस्त्र नाहीं' हें वाक्य दुकानांत खरें असेल. ज्या मनुष्यानें तें बसविलें त्याच्या मनांत तें खरें नसतें. कारण आपण काय करीत आहों हें त्याला पहिल्या तुकड्यापासून ठाऊक असतें.

जबाबदारी वांटली गेली म्हणजे काय होतें याचा कडू दाखला ह्याच रायफलीच्या इतिहासांत आहे. एम-१६ ही एआर-१५ ची लष्करी आवृत्ति. ती व्हिएतनामांत गेली तेव्हां तिच्या काडतुसांतील दारू बदललेली होती. जिच्यावर रायफलीचा आरंभींचा विकास झाला, ती ही दारू नव्हे. नव्या दारूनें रायफलीची गति वाढली आणि मळहि अधिक सांचूं लागला. काडतुसाच्या कोठीला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता. दमट हवेंत ती गंजे. रायफलीला फारशी निगा लागत नाहीं असा समज पसरला होता, आणि साफसफाईचें साहित्यहि पुरेसें पोंचलें नव्हतें. परिणामीं ऐन चकमकींत काडतुसांचीं रिकामीं टरफलें कोठींत अडकूं लागलीं, आणि निकामी रायफल हातांत घेऊन तरुण शिपाई मेले. १९६७ सालीं अमेरिकन कायदेमंडळाच्या एका उपसमितीनें, रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालीं, चौकशी करून लष्कराच्या कारभारावर कडक ठपका ठेवला. दारू निवडणाऱ्यापाशीं आपलें कारण होतें, मुलामा वगळणाऱ्यापाशीं आपलें होतें. प्रत्येकाचा कागद आपल्या जागीं बरोबर. परंतु हे सारे निर्णय एके ठिकाणीं आले म्हणजे काय होईल, हें पाहणें ज्याचें काम, तो मनुष्य त्या सबंध व्यवस्थेंत वेळेवर सांपडला नाहीं.

घरीं बसून जुळविणाराची स्थिति ह्या बाबतींत उलट, आणि म्हणून अधिक गंभीर आहे. तेथें सारे निर्णय एकाच माणसाचे असतात. दोष टाकावयास त्याला दुसरें खातें नाहीं. ही गोष्ट नीट ओळखली तर तिच्यांत एक प्रकारची प्रतिष्ठाहि आहे. हातानें काम करणाराला ती कळते, आणि असा छंद करणारा प्रत्येक जण रक्तपिपासु असतो असें आम्ही मुळींच मानीत नाहीं. आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रें आणि हत्यारें पुसून पूजेला मांडतात. त्या दिवशीं त्यांचा कांहीं उपयोग करावयाचा नसतो; तरीहि त्यांच्यापुढें हात जोडावयाचे, कारण स्वस्थ पडलेल्या हत्याराचेंहि आपणांवर कांहीं देणें लागतें.

हें देणें कोणतें? आमच्या मतें तें एका प्रश्नांत सांपडतें: कशासाठीं? नळी लांब कीं आखूड, हलकी कीं जड, गोळी कोणत्या वजनाची, ह्या सर्व प्रश्नांचें उत्तर हेतु ठरल्याशिवाय देतांच येत नाहीं. निशाणावर मारावयाचें, शिकार करावयाची, कीं घराचें रक्षण करावयाचें, हें ज्यानें ठरविलें नाहीं त्याची निवड जाहिरात करील किंवा शेजारी करील. म्हणून 'मी केवळ भाग निवडीत होतों, हेतु माझ्या मनांतच नव्हता' ही सबब टिकत नाहीं. जेथें निवड आहे तेथें हेतु आहे. तो स्वतःचा नसेल तर दुसऱ्याचा उसना असतो. हक्काचा आधार घेऊनहि येथें भागत नाहीं. हक्क 'करतां येईल' एवढेंच सांगतो. 'करावें' हें त्याला सांगतां येत नाहीं.

आणि वस्तु एकदां सबंध झाली कीं ती घरांत राहते, जेथें तिच्या कर्त्याशिवाय इतर माणसेंहि असतात. अमेरिकेंत २०२३ सालीं बंदुकांनीं सुमारें ४६,७०० माणसें मेलीं. त्यांपैकीं सुमारें २७,३०० आत्महत्या होत्या. तेथील खुनांत पिस्तुलांचा वाटा फार मोठा व रायफलींचा लहान, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तरी निम्म्याहून अधिक मृत्यु स्वतःच्या हातचे, ही गोष्ट जुळविणाऱ्यानें विसरूं नये. चोराची कल्पना करून जें घरांत आणलें, तें एखाद्या रात्रीं खचलेल्या मुलाच्या हातीं पडूं शकतें. भागांच्या यादींत कुलपाच्या पेटीला जागा नसेल, तर बाकीची यादी कितीहि विचारपूर्वक केलेली असो, ती अपुरीच आहे.

आमचे वाचक रायफल जुळविणार नाहींत. परंतु सुट्या भागांवर जगणारा संसार त्यांचाहि आहे. घरांतील वृद्धाला हृदयाचा डॉक्टर एक औषध देतो, संधिवाताचा दुसरें, आणि झोंपेसाठीं तिसरा तिसरें. तिघेहि जाणते, तिन्ही औषधें चांगलीं. पण तीं एकाच पोटांत जावयाचीं असतात, आणि एकत्र आलीं म्हणजे कधीं कधीं अपाय करतात. सकाळीं डबींत गोळ्या भरणारा मुलगा किंवा सून हींच तेथें जुळविणारीं. प्रत्येक चिठ्ठीवर डॉक्टराची सही आहे एवढ्यावर त्यांनीं समाधान मानूं नये. तिन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरापुढें ठेवून 'हीं एकमेकांना चालतात ना?' असें विचारावें. एवढें एक वाक्य विचारणें त्यांच्याच वांट्याला आलें आहे, कारण तिन्ही चिठ्ठ्या एकत्र पाहणारे त्या घरांत तेच आहेत.