निरोप घेणारी माया

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्याच एका कुटुंबाचे पत्र मला पावसाळ्यात आले. त्यांची मुलगी तेथील धर्मग्रामाच्या युवक गटाबरोबर नाताळाच्या सुटीत चौदा दिवसांसाठी येणार आहे. कर्जत-खालापूर भागातील अनाथ मुलांची सेवा करण्याची तिची मनापासून इच्छा आहे. ‘फादर, एखादे चांगले बालगृह सुचवा,’ एवढीच त्यांची विनंती होती. मुलीने इर्शाळवाडीची छायाचित्रे पाहिली होती आणि तेव्हापासून तिला चैन नव्हते.

अशा पत्राला उत्तर द्यायला मला एरवी दहा मिनिटे पुरतात. या पत्राला तीन आठवडे लागले.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील ही ठाकर वस्ती दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण सापडलेच नाहीत, आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. वर जायला गाडीरस्ता नव्हता. अवजड यंत्रे पोहोचू शकली नाहीत. माणसांनी कुदळ-फावड्यांनी चिखल उपसला. वाडीतील काही मुले त्या रात्री निवासी आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. सकाळी ती उठली तेव्हा त्यांच्यातल्या काहींचे आईवडील या जगात नव्हते. हे डोळ्यांसमोर असताना कोणाच्या सेवाभावाला नको म्हणणे सोपे नाही.

पण ‘अनाथ’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. ज्याला नाथ नाही तो अनाथ. आपल्याकडच्या वाड्यांवर आईबाप गेलेल्या मुलाला बहुधा आजी असते, मामा असतो, चुलती असते. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे ठेवलेली मुले आजीजवळ किंवा वसतिगृहात राहतात. बाहेरून आलेल्या पाहुण्याला ही सारीच अनाथ दिसतात. नेपाळ आणि कंबोडियात तर परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईवडील हयात असलेली मुले संस्थांत आणून ठेवल्याची प्रकरणे उघडकीस आली. २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने या प्रश्नाची दखल घेतली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही अशा स्वयंसेवेबद्दल चिंता व्यक्त केली. आपल्या धर्मभगिनी चालवतात त्या घरांची तुलना मी या प्रकारांशी करीत नाही. माझी अडचण निराळी आहे, आणि ती माझ्यापासूनच सुरू होते.

सेमिनरीत असताना एका उन्हाळ्यात आम्हा चौघांना महिनाभर एका बालगृहात पाठवले होते. तेथे पाच-सहा वर्षांचा एक मुलगा माझ्या सदऱ्याचे टोक धरून दिवसभर मागे फिरे. रात्री मी उशाशी बसल्याशिवाय त्याला झोप येत नसे. मला त्याचा केवढा अभिमान वाटे! निघताना ‘परत येतो’ असे त्याला सांगितले. देवाने माझा साधन म्हणून उपयोग केला, असे त्या रात्री डायरीत लिहिले.

परत गेलो तो तीन वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच कामासाठी. अंगणात नवे स्वयंसेवक आले होते आणि तोच मुलगा पाच मिनिटांत एकाच्या मांडीवर जाऊन बसला होता. ‘किती प्रेमळ मुले आहेत!’ तो तरुण म्हणाला. मुलाने माझ्याकडे पाहिले. मला ओळखले की नाही, ते आजही सांगता येत नाही. स्वयंपाकघरातल्या बाई मात्र म्हणाल्या, “ब्रदर, तुम्ही गेल्यावर आठ रोज तो फाटकात बसून असायचा. जेवायला उचलून आणावा लागे.” त्या बाई तेथे अठरा वर्षे होत्या. माझ्या डायरीत त्यांचे नाव नव्हते.

१९५१ साली जॉन बोल्बी या इंग्रज डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी घर हरवलेल्या मुलांविषयी अहवाल लिहिला. तेव्हापासून मानसशास्त्र सांगत आले आहे, की ज्या मुलांना सांभाळणारी माणसे सतत बदलतात, ती कोणाकडेही चटकन जातात आणि कोणावरही विसंबत नाहीत. आपल्याला जो प्रेमळपणा वाटतो, तो पुष्कळदा जखमेवरचा खपला असतो.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले होते, की कृतीचे मोल केवळ हेतूवर ठरत नाही. प्रत्यक्ष कृती आणि परिस्थितीही पाहावी लागते. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते प्रेम म्हणजे दुसऱ्याचे हित इच्छिणे. आम्ही परीक्षेत हे उत्तर बिनचूक लिहिले, पण उन्हाळ्यात आमचा हेतू शुद्ध आहे एवढ्यावरच समाधान मानले.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट घेणाऱ्यांना प्रभू धन्य म्हणतो. किती दिवस राहिलात, असे विचारत नाही. मग चौदा दिवसांच्या मायेचे मोल का नसावे? मला वाटते, आजारी माणसाला पाहुणा जाणार हे ठाऊक असते. चार वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसते. शिवाय संत याकोब आपल्या पत्रात अनाथ आणि विधवा यांच्याविषयी लिहितो, तेथील ग्रीक क्रियापदात भेटणे आणि सांभाळणे हे दोन्ही अर्थ आहेत. बिशपांचे ग्रीक नावही त्याच धातूचे आहे. त्या भेटीत राखण आली.

शेवटी मी कळवले, की मुलीला जरूर येऊ द्या, पण मुलांना कडेवर घेण्यासाठी नको. तिने वसतिगृहात भांडी घासावीत, कपडे धुवावेत. म्हणजे स्वयंपाकघरातल्या बाईंना मुलांजवळ बसायला सवड मिळेल. नातवंडे सांभाळणाऱ्या आजींना बालसंगोपन योजनेचा आधार मिळू शकतो; २०२३ साली ती रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली, म्हणजे वर्षाला २७,०००. कागदपत्रांसाठी तालुक्याला खेटे घालताना आजीची मजुरी बुडते. गटातील एकाच्या विमानप्रवासाच्या खर्चात अशा कितीतरी आजींची ती मजुरी भरून निघेल.

आईला माझे पत्र लागले असावे. त्यांचे उत्तर आले नाही. मुलीचे आले, मोडक्या मराठीत. भांडी घासायला ती तयार आहे. तिने फक्त एक विचारले आहे: “फादर, मुलं जवळ आली आणि विचारलं, तू कधी जाणार, तर मी काय सांगू?”

खरे ते सांग, असे मी लिहिले. मग तिचे पत्र पुन्हा वाचले आणि माझे पाकीट अजून बंद केलेले नाही.