भूतयज्ञ आणि खाडीतले पक्षी
पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञात गृहस्थ आपल्या अन्नातला वाटा पशुपक्ष्यांसाठी काढतो. मुंबईहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवरून कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकणाऱ्यांच्या मनातही तोच पुण्यभाव असतो, आणि तो खराच असतो. पण हिवाळी पाहुणे असलेल्या या कुरवांचे अन्न मासे आणि किनाऱ्यावरचे लहान जीव. तळलेले खारट पीठ नव्हे. मग हे दान नेमके कोणाची गरज भागवते? जिवाला त्याच्या स्वभावानुसार जगू देणे, ही अहिंसेची पहिली कसोटी. ठाणे खाडीतले रोहित पक्षी चोचीने चिखलपाणी गाळून सूक्ष्म शैवाल खातात. त्यांना मूठभर दाणे नकोत, भरती-ओहोटीचा मोकळा चिखल हवा. तो न बुजवणे हाच आजचा भूतयज्ञ. या खाडीचा काही भाग 2015 मध्ये अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषित झाला.