शेवटच्या शेतापासून

पांझरा नदीच्या काठी, साक्री तालुक्यातल्या एका गावात एक पाटकरी राहत होता. या नदीवर शेकडो वर्षांपूर्वीचे दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं असतं. शेतमालकाने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही, हा या फड पद्धतीचा जुना दंडक. पाणी भरायचं ते पाटकऱ्याने, आणि त्याची मजुरी गावाने धान्यात द्यायची. सगळ्या गावाचा विश्वास एका माणसाच्या फावड्यावर. 1972 च्या दुष्काळात पाटाला जेमतेम पाणी होतं. तेव्हा या पाटकऱ्याने पंचांना सांगितलं, "या साली पाळी शेवटच्या शेतापासून धरू. वरून सुरुवात केली तर खालपर्यंत पाणी पोचणारच नाही." वरच्या फडातले लोक कुरकुरले, पण त्याच्या शब्दाबाहेर कोणी गेलं नाही.

नव्वदी गाठून पाटकरीबाबा गेले. घर मोठं होतं. थोरला मुलगा धुळ्याला बांधकामाची कामं घेत असे, धाकटा गावात शेती करी. पहिले दोन-तीन दिवस दारावर येणाऱ्यांची रीघ लागली. मग मुलं गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवसाच्या, तयारीला बसली.

थोरल्याने कागद काढला. चौकात वीस फुटी फ्लेक्स. मोठा मांडव, ध्वनिक्षेपक, व्यासपीठ. जेवणात बुंदी. बोलायला आमदारसाहेब, त्यांच्यानंतर कारखान्याचे आणि सोसायटीचे पदाधिकारी. बेरीज झाली तेव्हा धाकटा गप्प झाला. थोरला म्हणाला, "कमी पडले तर दागिना ठेवू. बापाचं एकदाच करायचं असतं."

त्याच्या मनात खोट नव्हती. बापाला मोठं करून दाखवायची ही हौस प्रेमातूनच येते, आणि म्हणूनच ती मोडणं अवघड जातं. गाडगेबाबा (1876–1956) जन्मभर गावोगाव कीर्तनं करत फिरले आणि मेलेल्या माणसाच्या जेवणावळीसाठी कर्ज काढू नका म्हणून लोकांना कळवळून सांगत राहिले. तरी आजही कितीतरी घरांत दहाव्या-तेराव्याचं देणं पुढच्या पिकापर्यंत फिटत नाही.

बाबांची बायको, घरातली आजी, भिंतीला टेकून ऐकत होती. तिने विचारलं, "अन् गावातलं कोण बोलणार?"

"पाहुण्यांचं झाल्यावर उरलेल्या वेळात बोलतील की," थोरला म्हणाला.

"उरलेल्या पाण्यात शेवटचं शेत कधी भिजलंय का रे?"

कोणी काही बोललं नाही. आजीने नातीला जवळ बोलावलं. ती धुळ्यात नर्सिंग शिकत होती, आजोबांची शेवटची शुश्रूषा तिनेच केली होती. "पोरी, वही घे. पाटाच्या टोकापर्यंत जा आणि घरोघरी विचार, आमचा म्हातारा तुमच्यासाठी कोण होता. सुरुवात शेवटच्या शेतापासून कर."

पोरगी निघाली. शेवटचं शेत एका म्हाताऱ्या विधवेचं होतं. तिने आधी चहा ठेवला आणि मग सांगितलं, "माझा मालक गेला तेव्हा मी तरणी होते. पदरात दोन लेकरं. आमची पाळी नेहमी रात्रीची यायची. तुझ्या आजाने कधी दारात येऊन हाक मारली नाही. रात्री बाईच्या दारात पुरुषाचा आवाज गेला की गाव काय बोलतं, हे त्याला ठाऊक होतं. पाणी भरून झालं की जाताना तो बांधावरच्या दगडावर फावडं तीनदा वाजवायचा. मी समजायची, शेत भिजलं. मग मला झोप लागायची."

पोरीने लिहून घेतलं. आजोबांबद्दल हे तिला माहीत नव्हतं, तिच्या बापालाही नव्हतं.

वर येता येता वही भरत गेली. एका शेतकऱ्याने सांगितलं, "दुष्काळात माझ्या बापाने रात्री पाट फोडून पाणी घेतलं. बाबांनी पकडलं. पंचांपुढे नेलं असतं तर आमची पत गेली असती. त्यांनी एवढंच केलं, पुढच्या वर्षी पाटातला गाळ काढायला सगळ्यात आधी बापाला उभं केलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. ते मरेपर्यंत कोणाला बोलले नाहीत. आता मीच बोलतो." जागल्याने सांगितलं, की घड्याळ नव्हतं तेव्हा बाबा तारे पाहून पाळी बदलायचे. पोरं म्हणाली, बाबा पाटात पोहू द्यायचे, पण आधी काठावरचं गवत उपटायला लावायचे.

थोरल्याने ती वही रात्री वाचली. सकाळी त्याने फ्लेक्सवाल्याला फोन करून काम थांबवलं.

दहाव्याला नदीवर पिंडदान रीतीप्रमाणे झालं, त्यात काही बदललं नाही. गंधमुक्तीच्या दिवशी अंगणात कडुनिंबाखाली सतरंज्या घातल्या. व्यासपीठ नव्हतं, हार-शाली नव्हत्या. एका खाटेवर बाबांचं फावडं आणि फेटा ठेवला होता. घराघरांतून पीठ, डाळ आणि वांगी आली होती. बायकांनी बट्ट्या वळल्या, पुरुषांनी मोठ्या पातेल्यात वरण घोटलं. बोलण्याची पाळी ठरली होती: आधी शेवटच्या शेताची म्हातारी, मग पाटाने वर वर येत एकेक घर. तिने माणसांत कधी तोंड उघडलं नव्हतं. नात शेजारी बसली, तेव्हा ती बोलली. फावड्याच्या तीन ठोक्यांचं ऐकून कितीतरी बायकांनी पदर डोळ्यांना लावला. पाट फोडणाऱ्याचा मुलगा बोलला तेव्हा त्याला कोणी हसलं नाही. पोरं गवताचं सांगायला उठली आणि सगळं अंगण हसलं. हसण्याने सुतकाचा अवमान होतो असं काही जण मानतात. मला तसं वाटत नाही. ज्याच्या आठवणीने माणसं त्याच्याच अंगणात मोकळी हसतात, त्याला गावाने मनापासून निरोप दिलेला असतो.

आमदार आले, सतरंजीवर बसले. त्यांची पाळी येईपर्यंत ऊन चढलं होतं. ते दोन वाक्यं बोलले आणि पंगतीत जेवले. त्यांचं काही बिघडलं नाही, बाबांच्या घरचंही नाही. दागिना आजीच्या पेटीतच राहिला. वही गावच्या नव्या पाटकऱ्याने मागून नेली, कारण कोणत्या बांधाला पाणी कसं चढतं हेही लोकांनी तिच्यात सांगून ठेवलं होतं.

तुमच्या घरी असा दिवस आला, तर पहिला फोन मांडववाल्याला करू नका. घरातल्या एखाद्या तरुण मुलाला वा मुलीला वही देऊन त्या माणसाच्या जुन्या सोबत्यांकडे पाठवा, आणि ज्यांना एरवी कोणी बोलायला उभं करत नाही त्यांच्याकडे आधी पाठवा. दहाव्यापर्यंत थांबू नका. ते सोबतीही आता थकले आहेत.