शेंग कोणाची?

झाडे परोपकारासाठी फळतात, हा विचार आपल्या सुभाषितांनी इतक्या वेळा सांगितला आहे की, त्याची शहानिशा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. परसात श्रावणघेवड्याचा एक वाफा लावणाऱ्यास मात्र ती टाळता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

श्रावणघेवड्याची, म्हणजेच फरसबीची, एक जात वेलासारखी चढते व दुसरी झुडपासारखी ठेंगणी राहते. आम्हांस येथे ही ठेंगणी अभिप्रेत आहे. तिला मांडव लागत नाही. हात-दीड हात उंचीवर तिची वाढ थांबते. गोव्यासारख्या अतिवृष्टीच्या मुलखात पावसाळा सरल्यावर बी टोचले, तर साधारणतः ५० ते ६० दिवसांत पहिली तोडणी हाती येते. शेंग पेन्सिलीएवढी झाली, आतले दाणे अजून फुगलेले नाहीत, आणि वाकवताच ती कट्कन मोडते, हीच तिची वेळ. एका हाताने डहाळी सावरून दुसऱ्याने शेंग खुडावी, कारण झुडूप नाजूक असते. पाने ओली असताना वाफ्यात शिरू नये, कारण तेणेकरून रोग पसरतो.

एवढे सर्वांस ठाऊक असते. विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. दर दोन-तीन दिवसांनी शेंगा खुडत राहिले, तर झुडूप पुन्हा फुलते आणि आणखी काही आठवडे शेंगा देते. त्याच शेंगा पिकू दिल्या, तर नवी फुले येणे थांबते, पाने पिवळी पडतात आणि झुडूप आपला संसार आटोपते. बीज तयार करणे हेच त्याचे कार्य. ते सिद्धीस गेले की त्यास आणखी फुलण्याचे कारण उरत नाही. म्हणजे ज्यास आपण झाडाचे औदार्य म्हणतो, तो वस्तुतः आपण पुनःपुन्हा मोडलेल्या कार्याचा पुनःपुन्हा केलेला आरंभ असतो.

झाडास मन नाही, मग त्यास लुबाडले असे तरी कसे म्हणावे, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे. घेवडा दुःख करीत नाही. परंतु मग तो दानही करीत नाही; आणि ‘दान’ हा शब्द आपण योजतो तो घेणाऱ्याच्या सोयीसाठी. हीच सोय आपण माणसांच्या बाबतीतही करून घेतो. स्वतःचे काही पुरे करण्यास जिला कधी उसंत मिळाली नाही, त्या गृहिणीस आपण त्यागमूर्ती म्हणतो. कमी वेतनात राबणाऱ्या शिक्षकास ध्येयवादी म्हणतो. त्यांची स्तुती खोटी असते असे नव्हे. पण देणाऱ्याची स्तुती जेथे फार होते, तेथे घेणाऱ्याने आपला हात एकदा तपासून पाहावा.

मग खाऊ नये काय? असा निष्कर्ष कोणी काढू नये. घेतल्यावाचून कोणासही जगता येत नाही. प्रश्न मर्यादेचा आहे, आणि तिचे उत्तर जुन्या शेतकऱ्यांनी आचरणातून दिलेले आहे: बियाण्यास हात लावू नये. वाफ्यातील चार सशक्त झुडपे आरंभीच निवडून त्यांची एकही शेंग खुडू नये. ती झुडपांवरच वाळू द्यावी, आतले दाणे खुळखुळू लागेपर्यंत. घेवड्यात बहुधा स्वपरागण होत असल्याने सरळ वाणाचे बी मूळ गुणाचेच निघते. अखेरच्या, किडक्या शेंगा बियाण्यास ठेवणे ही मर्यादा नव्हे. तो उरल्यासुरल्याचा हिशेब झाला.

ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. तेथील शेतकऱ्यांनी ती हजारो वर्षे जोपासली, मग ती समुद्र ओलांडून आपल्या परसात आली. या प्रवासात पेरलेला प्रत्येक दाणा कोणीतरी न खाता राखलेला होता. आपल्या ताटातील भाजीवर या न खाल्लेल्या दाण्यांचे ऋण आहे, आणि ते फेडण्याचा मार्ग तीच चार झुडपे होत.

माणसांच्या बाबतीत मात्र चार झुडपे राखून भागत नाही. झाडास विचारता येत नाही म्हणून आपण मर्यादा ठरवतो. माणसास विचारता येते. ‘तुमचे काय पुरे व्हावयाचे राहिले?’ हा प्रश्न, जोवर ते देत आहेत तोवरच, विचारला पाहिजे.