यादीतून उतरलेले शिखर

स्कॉटलंड देशात डोंगर चढणाऱ्यांचा मोठा समुदाय आहे. सर ह्यू मन्रो या गृहस्थांनी १८९१ साली तेथील तीन हजार फुटांवरील शिखरांची यादी छापली. तेव्हापासून ती सगळी चढून पुरी करायची, हा कित्येकांचा जन्माचा नेमच होऊन बसला. गंमत अशी, की खुद्द मन्रोसाहेब १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचीच यादी अपुरी होती!

तेथे कॅरन नदीच्या खोऱ्यात ‘स्गूर नन क्यानिखन’ नावाचा एक निवांत डोंगर आहे. नावाचा अर्थ व्यापाऱ्यांचे शिखर. १९८१ साली तो यादीत आला. २००९ साली नव्या उपकरणांनी पुन्हा मोजला, तो सुमारे ९१३.५ मीटर भरला. तीन हजार फूट म्हणजे ९१४.४ मीटर. मीटरभर उणा पडला आणि नाव कटले. धारेने जोडलेला शेजारचा मोरूस्क ९२८ मीटरांचा, तो राहिला.

आता विचार करा. १९९० साली कोणी पावसात, चिखल तुडवीत तेथे चढला असेल, त्याचे श्रम वाया गेले काय? डोंगर तर तसूभरही हलला नाही. जो वाऱ्यात उभा राहिला, खाली वाहणारे पाणी ऐकत बसला, त्याचे काय जाणार? ज्याने वर पोचून वहीत नुसती खूण केली, त्याचे मात्र सगळेच गेले. व्यापाऱ्यांचे शिखर खरे त्याचेच!

हसू नये, मंडळी. ‘माझी ही पंचविसावी वारी’ असे सांगताना आपलाही आवाज जरा चढतोच की. मोजणे वाईट, असे मी म्हणत नाही. जपमाळेला १०८ मणी आहेतच. चंचल मनाला तेवढा आधार लागतो. यादी नसती तर त्या ओल्या डोंगराकडे पुष्कळजण फिरकलेही नसते. पण आकडा ‘मी’च्या खात्यावर जमा होऊ लागला, की मोजपट्टीवाल्याचे भय आलेच. आपल्या वाऱ्यांचा हिशेब उद्या पुसला गेला, गावात कोणाला ठाऊकही राहिले नाही, तर आषाढात पाय पंढरीकडे वळतील ना?

त्या डोंगराला पुढे अडीच ते तीन हजार फुटांच्या दुसऱ्या एका यादीत जागा मिळाली. माणसाला यादीवाचून करमत नाही! कोणी आता त्या यादीसाठी तेथे जातो. कोणी यादी न बघताच जातो आणि मोरूस्कच्या धारेवरून तसाच खाली उतरतो.