जामीन आणि धनी : 'कफाला' पद्धतीचा धर्मविचार

आखाती देशांत नोकरीसाठी गेलेल्या कामगाराच्या निवास परवान्याला सौदी अरेबियात 'इकामा' म्हणतात, आणि रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतील माणसे तिकडे गेली आहेत त्या घरांतही हाच शब्द रुळलेला आहे. या परवान्याशी कामगाराच्या नावाबरोबर आणखी एक नाव जोडलेले असते, ते 'कफीला'चे, म्हणजे त्याची हमी घेणाऱ्या स्थानिक व्यक्तीचे किंवा आस्थापनेचे. परक्या कामगाराचा प्रवेश, निवास आणि नोकरी या तिन्ही गोष्टी ज्या व्यवस्थेत अशा हमीदाराशी बांधलेल्या असतात तिला 'कफाला' असे नाव आहे. तिची चर्चा बहुधा कामगार कायद्याच्या अंगाने होते आणि ती आवश्यकही आहे. परंतु कफाला हा शब्द मुळात इस्लामी धर्मशास्त्रातील असून त्याला स्वतःचा नैतिक आशय आहे, म्हणून एक प्रश्न धर्मविचाराच्या भूमीवरच विचारला पाहिजे : एका माणसासाठी जामीन राहणारा दुसरा माणूस त्याचा धनी होऊ शकतो काय?

ज्या अरबी धातूपासून हा शब्द बनला त्याचा अर्थ भार स्वीकारणे, सांभाळ करणे असा आहे. कुराणाच्या तिसऱ्या सुरेत मरियमचा बालपणी झकरियांनी सांभाळ केल्याचा जो उल्लेख येतो तो याच धातूच्या रूपाने येतो, आणि अनाथ मुलाच्या संगोपनाची जबाबदारी घेण्यालाही कफालाच म्हणतात. १९८९ च्या बालहक्कविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या विसाव्या कलमात निराधार बालकाच्या संगोपनाच्या मार्गांमध्ये तिचा नावानिशी निर्देश आहे. 'फिक्ह' म्हणजे इस्लामी विधिशास्त्र. त्यातील व्यवहारविषयक भागात कफालेचे दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात हमीदार दुसऱ्याच्या कर्जाची जबाबदारी घेतो, तर 'कफाला बिन्नफ्स' या दुसऱ्या प्रकारात ती व्यक्ती ठरल्या वेळी न्यायाधीशापुढे हजर राहील याची हमी देतो, आणि हनफी संप्रदायाच्या मते ती व्यक्ती हजर केली गेली नाही तर अटकेत ठेवला जातो तो हमीदार. भारतीय धर्मशास्त्राला ही रचना अपरिचित नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात 'प्रतिभू' म्हणजे जामीनदार तीन कारणांसाठी सांगितला आहे : दर्शन, प्रत्यय आणि दान, म्हणजे हजेरी, विश्वासार्हता आणि परतफेड, यांतील दर्शन-प्रतिभू आणि कफाला बिन्नफ्सचा कफील एकाच जातीचे आहेत. मराठीतील 'जामीन' हा शब्दही अरबीतून फारसीमार्गे आलेला आहे आणि त्याने मूळ अर्थ सोडलेला नाही. जामीन राहणारा स्वतःला बांधून घेतो, हे सूत्र या दोन्ही परंपरांना समान आहे.

आधुनिक कफालेत ही दिशा नेमकी उलटली. कफीलाने राज्यसंस्थेला दिलेली हमी ही त्याची जबाबदारी होती, पण त्याच हमीच्या बळावर कामगाराची नोकरी बदलणे, देश सोडणे, कधी कधी नुसते शहराबाहेर जाणेही त्याच्या संमतीवर अवलंबून राहू लागले, आणि शास्त्रात ज्या ठिकाणी हमीदार अडकत होता त्या ठिकाणी हमी घेतलेला माणूस अडकू लागला. हा बदल धर्मग्रंथांतून उद्भवलेला नाही. ओमर अल-शिहाबी या बहरीनी अभ्यासकाने दाखवल्याप्रमाणे आजच्या कफालेची मुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहरीनच्या ब्रिटिश प्रशासनात सापडतात. बाहेरून येणाऱ्या श्रमिकांवर, प्रथम मोतीव्यवसायात आणि नंतर तेलउद्योगात, कमी खर्चात नजर ठेवण्यासाठी तेथे खाजगी हमीदाराची योजना वापरली गेली. त्या काळी आखातातील मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत होता आणि आखातात रुपया हेच चलन चालत होते, त्यामुळे या इतिहासाशी पश्चिम भारताचा संबंध केवळ अलीकडच्या नोकरदारांपुरता नाही. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, बांधकामे वाढली, लाखो माणसे आली आणि तात्पुरती सोय म्हणून स्वीकारलेली पद्धत स्थायी व्यवस्था झाली. शब्द धर्मशास्त्राचा राहिला आणि यंत्रणा पोलीस खात्याची झाली, असे येथे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे.

या व्यवस्थेवरील सर्वांत कठोर टीका तिच्याच शब्दाच्या परंपरेतून उभी राहते. अभिजात फिक्हमधील बहुसंख्य आचार्यांच्या मते कफाला हे 'तबर्रु' म्हणजे निरपेक्ष उपकाराचे कृत्य आहे, त्यामुळे केवळ हमी दिल्याबद्दल मोबदला घेणे त्यांनी निषिद्ध ठरवले. आज मात्र 'आझाद विजा' या नावाने जो व्यवहार चालतो त्यात कफील आपले नाव कामगाराला विकतो. प्रत्यक्ष काम तो देत नाही, ते कामगाराने बाहेर कोठेही शोधायचे असते, आणि दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी त्या नावाचे पैसे पुन्हा मोजायचे असतात. शास्त्राच्या भाषेत ही हमीची विक्री आहे आणि तिचे समर्थन त्या परंपरेच्या आत राहून करता येत नाही. दुसरा मुद्दा 'इजारा' या संकल्पनेचा. मजुरीचा करार हा इजारेचा एक प्रकार असून त्यात श्रमाचा उपयोग ठरावीक मुदतीपुरता विकला जातो, श्रम करणारी व्यक्ती कधीच विकली जात नाही. बुखारी यांच्या हदीससंग्रहातील एका वचनात, अंतिम न्यायाच्या दिवशी ईश्वर स्वतः ज्यांच्याविरुद्ध वादी म्हणून उभा राहील अशा तिघांची गणना केली आहे : ईश्वराच्या नावाने शब्द देऊन तो मोडणारा, स्वतंत्र माणसाला विकून त्याचे मोल खाणारा, आणि मजुराकडून पुरते काम करून घेऊन मजुरी न देणारा. मजुरी बुडवणारा आणि स्वतंत्र माणूस विकणारा यांना या वचनाने एकाच पंक्तीत बसवले आहे, आणि कफाला पद्धतीविषयी याहून नेमका निकाल सापडणे कठीण आहे.

तरीही या पद्धतीच्या बाजूचा एक युक्तिवाद गंभीरपणे घेतला पाहिजे. कतार व संयुक्त अरब अमिरातीत नागरिकांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या सुमारे एक दशांश इतकेच आहे; अशा समाजाने येणाऱ्या प्रत्येकासाठी कोणीतरी उत्तरदायी असावा असे म्हणणे अन्यायाचे नाही, आणि आलेला माणूस पाहुणा आहे, त्याने ठरल्या वेळी परतावे, ही अपेक्षाही वरवर पाहता रास्त वाटते. अडचण 'पाहुणा' या शब्दातच आहे. अतिथी या शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती ज्याच्या राहण्याला तिथी नाही तो, अशी असून मनुस्मृतीने एका रात्रीपुरता राहणाऱ्यालाच अतिथी मानले आहे. इमान्युएल कांट यांनीही १७९५ च्या शाश्वत शांतीवरील निबंधात परक्याला शत्रुवत न वागवले जाण्याचा, भेटीपुरता अधिकार दिला आणि दीर्घ मुक्कामासाठी वेगळा करार हवा असे मानले. वीस वर्षे रस्ते बांधणारा, दुसऱ्याची मुले वाढवणारा माणूस या दोन्ही चौकटींत मावत नाही. त्याच्याशी जुळणारे उदाहरण प्राचीन अथेन्समध्ये मिळते. तेथील 'मेटिक', म्हणजे नगरात राहणारे परके, कर देत, युद्धात लढत, पण त्यांना नागरिक हमीदार ठेवावा लागे आणि तो नसणे हा गुन्हा होता. नागरिकत्वाची मीमांसा करणारा ॲरिस्टॉटल स्वतः अथेन्समध्ये मेटिक होता. मायकेल वॉल्झर यांनी १९८३ मध्ये हाच धागा पकडून असे प्रतिपादन केले की, ज्यांच्या श्रमावर समाज उभा आहे त्यांना सदस्यत्वाची वाट कायमची बंद ठेवणारे लोकशाही राज्य घरात नोकर ठेवणाऱ्या कुटुंबासारखे होते.

अलीकडच्या सुधारणा या संदर्भात तपासायला हव्यात. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणारे मालकाचे ना-हरकत पत्र रद्द केले आणि मार्च २०२१ पासून सर्वांना लागू होणारे १००० रियाल किमान वेतन आणले. सौदी अरेबियाने त्याच महिन्यात नोकरी बदलण्याची व देशाबाहेर जाण्याची मोकळीक दिली, पण घरकामगार, घरगुती वाहनचालक, माळी आणि मेंढपाळ यांना तिच्यातून वगळले. अमिरातीने २०२२ पासून कफीलाशिवाय पाच वर्षे राहू देणारा हरित विजा सुरू केला, मात्र नोकरदारासाठी त्याला पदवी आणि दरमहा किमान १५,००० दिरहम वेतनाची अट आहे. म्हणजे जो आपले रक्षण आधीच करू शकतो तो हमीदारापासून प्रथम सुटला, आणि बंद घरात एकटी काम करणारी स्त्री, जिला सुटकेची सर्वाधिक गरज होती, ती मागे राहिली. हे दुबळ्याला आधी सांभाळण्याच्या कफालेच्या मूळ अर्थाच्या विरुद्ध आहे. हा दोष केवळ आखाताचाही नाही. अमेरिकेतील एच-वन-बी विजाचा अर्ज मालकच करतो, आणि नोकरी सुटल्यावर कर्मचाऱ्याला नवा मालक शोधण्यासाठी किंवा आपला दर्जा बदलून घेण्यासाठी अधिकाधिक ६० दिवस मिळतात. पुण्याहून गेलेल्या अभियंत्याला 'स्पॉन्सर' या शब्दाने जी धास्ती वाटते तिची जात कफीलाच्या धास्तीहून वेगळी नाही, सोसण्याच्या मात्रेत मात्र मोठे अंतर आहे.

कफालेला तिच्या मूळ अर्थाकडे नेण्याची पहिली कसोटी अगदी साधी आहे : कामगाराचा पासपोर्ट कोणाच्या हातात आहे. तो काढून घेणे कतारच्या २००९ च्या कायद्यानेही निषिद्ध ठरवले होते, तरी ही प्रथा टिकून राहिली. भारताच्या पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम १७ नुसार पासपोर्ट ही सर्वकाळ केंद्र सरकारची मालमत्ता असते. तो कुलुपात ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कफीलाला कधीच नव्हता.