झीज आणि जीर्णता

वसई-विरारकडचे माणूस आयुष्यभर गुडघ्यांवर किती भार टाकते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. जीवदानीच्या हजाराहून अधिक पायऱ्या, चर्चमध्ये गुडघे टेकून केलेली प्रार्थना, वाडीतल्या वाफ्यांत उकिडवे बसून केलेली खुरपणी आणि स्टेशनचा पूल धावत ओलांडून गाठलेली लोकल. भक्ती, कष्ट आणि घाई यांचे ओझे अखेर एकाच सांध्यावर येते. साधे चालतानाही देहाच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार तो सोसतो. कूर्चा झिजून संपली की शल्यविशारद धातूच्या दोन भागांमध्ये पांढऱ्या, मेणचट प्लास्टिकचा एक तुकडा बसवतात. त्या तुकड्याला आपण निर्जीव म्हणून मोकळे होतो. पण निर्जीवालाही वय असते, आणि त्याच्या वार्धक्याची कथा आपल्या वार्धक्याहून फारशी निराळी नाही, असे मला ती वाचताना वाटत राहिले.

या प्लास्टिकचे नाव पॉलिएथिलीन. हे कूळ १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या आयसीआयच्या प्रयोगशाळेत जन्मले, आणि त्या जन्माला प्राणवायूचा नकळत शिरलेला लेश कारणीभूत ठरला. सांध्यातले प्लास्टिक त्याच कुळातले, पण पुढच्या पिढीचे, वेगळ्या रीतीने घडवलेले, अतिदीर्घ रेणूंचे. खुब्याचा कृत्रिम सांधा घडवणारे जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉन वापरले होते. ते रुग्णांच्या देहात भराभर झिजले. १९६२मध्ये लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील मागांसाठी प्लास्टिकची चाके विकणारा एक विक्रेता या नव्या पदार्थाचा नमुना घेऊन आला. चार्नलींनी तो मनावर घेतला नाही. त्यांचे सहायक हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो यंत्रावर घासायला लावलाच. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, तितके हे तीन आठवड्यांतही झिजले नाही. ज्याच्या कित्येक पिढ्यांचे गुडघे गिरणगावातल्या साच्यांपुढे उभे राहून दुखले, त्या आपल्या मुलखाने या योगायोगाकडे जरा अधिक आपुलकीने पाहावे.

परंतु झिजणे वेगळे आणि जीर्ण होणे वेगळे. देहात जाणारी वस्तू निर्जंतुक असावी लागते आणि त्यासाठी गॅमा किरण वापरले जातात. तुर्भ्याच्या आयसोमेड केंद्रात १९७४पासून कोबाल्ट-६०च्या साहाय्याने वैद्यकीय साहित्य असेच शुद्ध केले जाते. हे किरण जंतू मारतात, त्याचबरोबर प्लास्टिकच्या लांब साखळ्याही जागोजाग तोडतात. तुटलेल्या टोकांपैकी काही एकमेकांना जोडली जाऊन पदार्थ झिजेला अधिक तोंड देतो. काही मात्र एकाकी, अस्वस्थ उरतात. त्यांना रसायनशास्त्र मुक्त मूलके म्हणते. प्राणवायू त्यांना गाठतो आणि ऱ्हासाची साखळी सुरू होते. हवाबंद नसलेल्या वेष्टनात, कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेले सांधे एकही पाऊल न चालता ठिसूळ झाले होते, हे १९९०च्या दशकात स्पष्टपणे उमगले. वापरल्याने येणारे म्हातारपण आपण समजून घेतो. जपून ठेवल्याने येणारे म्हातारपण मनाला चटका लावते, कारण तशी माणसेही आपण पाहिलेली असतात.

मग वेष्टने बदलली. प्राणवायू वगळून सांधे एकात एक पाकिटांत बंद होऊ लागले. मला सोपाऱ्याचा स्तूप आठवतो. १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकलला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात रुप्याचा, त्यात पाषाणाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राची खापरे मिळाली. जपण्याची माणसाची रीत तीच, आवरणावर आवरण. पण सांध्याला अखेर आवरणातून बाहेर पडून देहात जावे लागते, आणि देह प्राणवायूवरच जगतो. प्लास्टिक पुन्हा वितळवून अस्वस्थ टोके शमवता येतात. मात्र तेवढ्याने त्याचे बळ काहीसे घटते. एका व्याधीचा उपचार दुसऱ्या व्याधीचे बीज होतो, हे वैद्यकाइतकेच पदार्थशास्त्रालाही कळून चुकले.

उत्तर मिळाले ते स्वयंपाकघराच्या ओळखीचे. वसईच्या दमट हवेत खोबरे खवटते, ती क्रिया आणि प्लास्टिकचा ऱ्हास रासायनिकदृष्ट्या सख्ख्या बहिणी आहेत. १९२२मध्ये हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना उंदरांच्या गर्भधारणेचा अभ्यास करताना जो पोषक घटक सापडला, ते ई जीवनसत्त्व आपल्या पेशींतील स्निग्धांशाला खवटण्यापासून वाचवते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील ओरहुन मुरातोग्लू आणि एब्रू ओरल यांनी तेच प्लास्टिकमध्ये मुरवले, आणि २००७च्या सुमारास असे सांधे रुग्णांच्या देहात जाऊ लागले. जीवनसत्त्वाचा रेणू आपला एक हायड्रोजन अस्वस्थ मूलकाला देतो, त्याची भूक भागवतो, आणि पुढे कुणाला तोडण्याइतका दाहक न राहता स्वतः शांत होतो. ऱ्हासाची साखळी कुण्या भिंतीला अडून नव्हे, एका देण्यापाशी थांबते.

यात अमरत्वाचे आश्वासन नाही. दात्या रेणूंची संख्या मोजकी आहे, आणि अशा सांध्यांची खरी परीक्षा दशकांची असते. तरीही या छोट्याशा पांढऱ्या तुकड्याने टिकाऊपणाविषयीची माझी समजूत बदलली. टिकणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या पोटात, मग ते घर असो, परंपरा असो वा देह, कुणीतरी निमूटपणे खर्ची पडत असते. म्हणून एखादी वस्तू किती कठीण आहे हे मी आता विचारत नाही, तिच्यात द्यायला किती उरले आहे हे विचारतो.